ब्रेकसाठी विश्रांतवाडी

शनिवारी सकाळी कर्वेनगरहून निघालो. संगणक कंपन्यांना सुटी असते, त्यामुळे रस्ते त्यातल्या त्यात बरे असतात. जायचं होतं विश्रांतवाडीला, म्हणजे याच शहराच्या दुसऱ्या टोकाला. एरवी याला कोणी प्रवास म्हणणार नाही; पण तीनदा पाय मारल्याशिवाय ब्रेक लागत नसेल, तर कर्वे रस्ताही परका मुलूख वाटतो. दुसऱ्या गिअरमध्ये, पुढच्या वाहनापासून भरपूर अंतर राखून मी चाललो होतो. राखलेल्या अंतरात रिक्षा घुसत होत्या.

जीप माझ्या पत्नीची, नलिनीची. ती वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि घाटातली झाडं शोधत हिंडायची. गाडी ती चालवायची. मी शेजारी बसून वाचायचो. ती गेली त्याला एक पावसाळा उलटला. तिची विद्यार्थिनी मंजिरी राहिलेलं सर्वेक्षण पुरं करायला जीप मागत होती. “ब्रेक दुरुस्त झाले की ने,” असं मी तिला सांगून ठेवलं होतं. ब्रेक दुरुस्त होणार नाहीत, अशी माझी मनातून अपेक्षा होती. अंगणात जीप उभी असली की घर पूर्वीसारखं दिसतं.

शनिवार पेठेत थांबलो. तिथल्या एका जुन्या दुकानात लायनर (चाकाच्या आत घासून गाडी थांबवणारी पट्टी) मिळण्याची शक्यता होती. मालक पेपर वाचत होते. मी जीपचं साल सांगितलं.

“अहो, हे दुकान आहे. संग्रहालय पुढे.”

“म्हणजे लायनर नाहीत?”

“नाहीत असं मी म्हटलं का?” ते उठले, माळ्यावरून एक खोका काढला आणि माझ्यापुढे ठेवला. “पुसून घ्या. धुळीचे वेगळे लावत नाही.”

माप बरोबर निघालं. मला फारसा आनंद झाला नाही.

संगम पुलावर नदी संथ आणि हिरवट होती. येरवड्याच्या पुढे काचेच्या नव्या इमारती लागल्या. एका इमारतीच्या काचांवरून आमची जीप तुकड्यातुकड्यांनी सरकत गेली. पुढच्या सिग्नलला पाय तीनदा मारला, तरी गाडी पांढरी रेघ ओलांडून थांबली. शेजारच्या गाडीतल्या तरुणाने काच खाली केली.

“अंकल, ब्रेक नावाची पण एक थिंग असते हां!”

“तीच बसवायला चाललोय.”

“ओह. मग कॅरी ऑन,” म्हणून त्याने काच वर केली आणि गाडी जरा लांब घेतली.

वानखडे मिस्त्रींची शेड आळंदी रस्त्याच्या आतल्या बाजूला आहे. ते मूळचे वर्ध्याकडचे. कारखान्यात नोकरीला आले आणि कारखाना बंद पडल्यावर हे गॅरेज सुरू केलं. असल्या जुन्या जीपला हात लावणारे आता थोडेच उरलेत. त्यांनी चाकं उतरवली, ड्रम काढले. जुने लायनर रिव्हेटच्या खिळ्यांपर्यंत घासले होते आणि एका चाकात तेल गळत होतं.

“होत नसेल तर राहू द्या,” मी म्हणालो.

“कायले नाही होत? गाडी मस्त आहे जी. आधी पोहे खा.”

समोरच्या गाडीवर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) घातलेले पोहे मिळाले. पुण्याच्या जिभेला तो रस्सा झेपत नाही. डोळ्यांतून पाणी आलं. गाडीवाल्याने न विचारता पाण्याचा पेला पुढे सरकवला.

परतलो तेव्हा लायनर बसले होते, गळतीही बंद झाली होती. आता ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची होती; ती राहिली की पेडल नरम लागतं. या कामाला दोघं लागतात: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली चाकाशी नट ढिला करून तेलासोबत हवा बाहेर सोडायची. मिस्त्रींचा जोडीदार लग्नासाठी गावी गेला होता.

“तुम्हीच बसा, सर. जमते ना?”

जमत होतं. घरी हे काम नलिनी आणि मी करायचो. खाली नेहमी तीच असायची.

“दाबा जी. धरून ठेवा. सोडा. झालं काय कडक?”

पेडल पायाखाली कडक झालं होतं. अगदी वरच थांबत होतं.

“थोडं नरम वाटतंय,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा सगळी चाकं केली. पुन्हा विचारलं. मी पुन्हा नरमच म्हणालो. खालून पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

“बुडबुडा तर एक येत नाही. मंग पेडलजवळचा मास्टर सिलिंडरच गेला असंन. तो काही लवकर भेटत नाही. गाडी इथंच ठेवा लागंन.”

मला हवं होतं ते मिळालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. खाली सिमेंटच्या पोत्यावर पाठ टेकून तो माणूस माझ्या शब्दावर विसंबला होता.

“मिस्त्री, कडक आहे,” मी म्हणालो. “मघापासूनच.”

ते बाहेर आले. पेडल हाताने दाबून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“मंग नरम कायले म्हणत होते जी?”

“दुरुस्त झाली की ती दुसरीकडे जाणार आहे.”

“विकली?”

“नाही. बायकोची विद्यार्थिनी नेणार. घाटात.”

त्यांनी हात पुसले. “घाटात जाणार? मंग चला, उतारावर पाहू. पोरीच्या जिवाचा सवाल आहे.”

धानोरीच्या उतारावर त्यांनी मलाच चालवायला लावलं. एकदाच दाबलं, जीप सरळ रेषेत थांबली. त्यांनी तीनदा तेच करायला लावलं, मग मान हलवली.

परतताना नदीच्या अलीकडे मी तिसरा गिअर टाकला. संध्याकाळी मंजिरीला फोन केला.

दुसऱ्या दिवशी ती आली, किल्ली घेतली आणि म्हणाली, “सर, पुढच्या रविवारी आणून लावते.” मी फाटकाशी उभा राहिलो. जुने ब्रेक वळणावर कर्कश किंचाळायचे; नलिनी घरी आली हे मला पुस्तकातून डोकं न काढताही कळायचं. मंजिरीने वळणावर वेग कमी केला असणार. काहीच ऐकू आलं नाही.