पेठच्या वाटेवर नदीची ओटी

नाशिकहून पेठला भर पावसाळ्यात मोटार न्यायची म्हणताच शेजारी हसले. पण तिथे दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला, वत्सलाला, आठवा लागला होता. पहिल्या खेपेस डॉक्टर पोचेपर्यंत तिचे बाळ गेले. या वेळी तिला नाशिकला आणायचेच, असे मी ठरवून टाकले. मोटार चालवणार आमचे हे; म्हणजे धीर माझा आणि घाई त्यांची!

जाणाऱ्यांनी पेट्रोलचा डबा नाशिकलाच भरून घ्यावा. काचेवर तंबाखू चोळावी, पाणी टिकत नाही. घाटात धुके इतके, की मी बाहेर डोके काढून "डावीकडे, डावीकडे!" ओरडत होते. मध्येच धुके फाटले, खाली हिरवीगार भातखाचरे दिसली आणि ओरडायचे विसरले.

"दरीत गेलो असतो ना!" हे कडाडले.

पेठला वत्सलाच्या सासूबाईंनी नागलीची गरम भाकरी वाढली. निघताना सुनेच्या पदरात नारळ घातला. "नदी भरली असेल तर आधी तिची ओटी भर, मगच ओलांड."

परतताना पाहतो तो नदीवरची फरशी, म्हणजे तो बुटका दगडी रस्ता, पाण्याखाली! ह्यांनी पंख्याचा पट्टा काढला. नाहीतर पंखा इंजिनावर पाणी उडवतो.

"गुडघाभर तर आहे. चला!"

"भावजी, आधी ओटी," वत्सला म्हणाली.

"अगं, पाणी वाढतंय!"

"वाढू दे."

ती उतरली. हळदकुंकू वाहून तिने नारळ सोडला. तो डुलत फरशीवर आला, मधोमध गरकन फिरला आणि गडप झाला. प्रवाहात बराच पुढे जाऊन वर आला.

"फरशी फुटलीय," हे हळूच म्हणाले.

आम्ही थांबलो. पाऊस ओसरला, पाणी उतरले, तेव्हा अर्धी मोटार मावेल असा खड्डा दिसला. शेतातल्या माणसांनी दगड टाकून तो बुजवला. "आता जावा, पन सावकाश. लय घाई नका करू," एकजण म्हणाला. पहिल्या गिअरात पार झालो. पुढे ओले ब्रेक सुकेपर्यंत ह्यांनी ते हलकेच दाबत गाडी नेली. न सांगता!

महिन्याभरात वत्सलाला मुलगी झाली. रडून रडून पोरीने घर डोक्यावर घेतले. मी उचलायला धावले, तर वत्सलाने माझा हात धरला.

"रडू दे गं, ताई. जरा ऐकू दे मला."