कपड्यावरून ऐकलेलं काळीज

वगीदा हकीमा तोंडाची फटकळ, असं नाईलकाठच्या त्या गावात सगळेच म्हणत. खोटं नव्हतं. पण चोवीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स, तिथल्या बोलीत हकीमा, असलेल्या बाईने गोड बोलून कुणाचं भलं केलं असतं?

गावची रीत अशी, की परक्या पुरुषाचा हात बाईच्या अंगाला लागायचा नाही. म्हणून दवाखान्याचे डॉक्टर शौकत मान वळवून, काळी चादर आणि खालचे दोन झगे यांच्यावरूनच स्टेथोस्कोप टेकवायचे आणि लिहायचे, 'अशक्तपणा'. एकोणीस वर्षांच्या इन्साफला चार पायऱ्यांत धाप लागायची. तिलाही तेच लिहिलं. शहरातल्या हृदयाच्या इस्पितळात जायला त्यांची चिठ्ठी लागे, आणि चिठ्ठी ते देईनात.

वगीदाचं डोकं फिरलं. बायकांच्या खोलीचं दार लावून तिने स्टेथोस्कोपच्या नळीचं तोंड आधी स्वतःच्याच झग्यात सरकवलं आणि कानात घालायची टोकं बायकांकडे फिरवली. "ऐका गं. हे धडधाकट काळीज. लब-डब, आणि मध्ये शांत."

"अगंबाई, हकीमेला काळीज आहे!" म्हातारी सनिया म्हणाली. खोलीभर हशा पिकला.

"आहे, आणि तुझ्या जिभेपेक्षा हळू चालतं. आता आपापलं ऐका. डाव्या छातीखाली, कातडीवर ठेवून."

इन्साफने ऐकलं. तिचं हसू मावळलं. "हकीमा, माझ्यात लब आणि डबच्या मध्ये फुस्स होतंय. दाराच्या फटीतून वारा यावा तसं."

डॉक्टरांना कळताच ते लालबुंद झाले. "रोग्यांना डॉक्टरकी शिकवतेस? बदली करीन तुझी!"

"खुशाल करा. पण आधी हिचं ऐका."

"रीत माहीत आहे ना तुला?"

उत्तर बायकांच्या खोलीच्या पडद्यामागून इन्साफने दिलं. "छाती माझी, कान तुमचे, डॉक्टर. नळी मी धरते. तुम्ही पडद्याबाहेर बसून ऐका."

आता नाही म्हणायला त्यांच्याकडे कारणच उरलं नाही. पडद्यातून आलेल्या नळीला त्यांनी कान लावले. तेच फुस्स त्यांनाही ऐकू आलं. मग चिठ्ठी लिहिली, सही केली, आणि पेन हातात तसंच धरून हळूच विचारलं, "वगीदा, आजवर मी अशा किती बायकांना कपड्यावरून तपासलं?"

"सगळ्यांना, डॉक्टर," वगीदा म्हणाली. "तुम्ही आल्यापासून, नऊ वर्षं."