मनाले इचारलं काय?

वासुदेवराव खोलगडे सरांची आणि माझी पहिली भेट जळगाव जामोदच्या आमच्या महाविद्यालयातल्या संगणक-खोलीत झाली. मी संग्रामपूरहून एसटीने येणारी नवी प्रयोगशाळा सहायक. सर गणित शिकवायचे आणि मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारे तिथले आठ संगणकही सांभाळायचे.

त्याच आठवड्यात मुलांच्या वर्षभराच्या प्रात्यक्षिकांची नक्कल नव्या, रिकाम्या डिस्कवर काढायची होती. दुसऱ्या दिवशी परीक्षक येणार होते. माउसला हात न लावता नुसत्या आज्ञा टंकून काम करण्याची मला भारी ऐट! आज्ञा लिहिली, एंटर दाबणार, तोच मागून सरांचा आवाज आला, "मनाले इचारलं काय?"

"हाव सर, मन तयार आहे."

सर इतके हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "तुह्या मनाले नाही पोरी, या मनाले!" म्हणत त्यांनी शेजारच्या संगणकावर एम, ए, एन ही तीन अक्षरं टंकली. 'मॅन्युअल'चं हे लघुरूप जग 'मॅन' असं वाचतं, सर 'मन' असं वाचत. त्यापुढे आज्ञेचं नाव लिहिलं की तिची सगळी माहिती पडद्यावर येते. आमच्याकडे इंटरनेट नव्हतं. ही पानं संगणकातच असतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

वाचता वाचता मी एंटरवरचं बोट काढून घेतलं. आधी 'कुठून', मग 'कुठे' असा क्रम होता. मी नेमका उलटा लिहिला होता, वर जादाचं पुसून टाकण्याची सूचनाही जोडली होती. रिकाम्या डिस्कशी जुळवून घेताना मुलांचं सगळं वर्ष पुसलं गेलं असतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी मला पान तळापर्यंत वाचायला लावलं. तिथे आज्ञेतल्या उणिवा तिच्या कर्त्यांनीच नोंदवल्या होत्या. "पाह्य, फुकट देतेत अन् आपली चूकही सोताच सांगतेत," सर हळूच म्हणाले. एवढे जाणकार गृहस्थ त्या पानापुढे देवळात बसावं तसे बसले होते. मी थक्क झाले, ती आजही आहे.

इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांसाठी सरांनी अशी कितीतरी पानं मराठीत वहीत उतरवली. आज्ञेचं नावच आठवत नसेल तर नुसत्या एका शब्दावरून पान कसं शोधायचं, ते पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिलं होतं.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. पंच्याहत्तरीत त्यांनी नवा संगणक घेतला होता आणि एक आज्ञा अडली होती. मी मुद्दाम विचारलं, "सर, मनाले इचारलं काय?"

"इचारलं ना. मन म्हणते, तुले इचार."

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो आणि त्यांच्या आज्ञा अशाच अधूनमधून अडत राहोत.