मुहूर्तावर आवळलेल्या चकत्या

माझा थोरला मुलगा तीन महिन्यांचा झाला तरी बाळकुमात आजोळीच होता, आणि त्याला कारण आमची घोडागाडी.

आमचं कुटुंब बाळंतपणाला माहेरी गेलेलं. मी नौपाड्याहून गाडी घेऊन आणायला गेलो, तर सासूबाई गाडीत बसल्या काय आणि लगेच उतरल्या काय!

"जावईबापू, लेकराला घरी न्यायचंय की दही घुसळायचंय?"

झालं! मी रिकामा परत. पोराला डोळे भरून पाहायलाही मिळालं नव्हतं हो!

गाडी लोहाराला दाखवली. तो म्हणाला, "हादरे झेलणाऱ्या पोलादी कमानींच्या सांध्यातल्या चामड्याच्या चकत्या झिजल्यात. नव्या घालू."

"चामडं? माझ्या नातवाच्या बुडाखाली?" आमचे वडील, तात्या, कडाडले. (स्वतःच्या जोड्यांचा त्यांना सोयीस्कर विसर पडला होता.) "रबर घाल! झाडाचा चीक तो, सोवळ्यातही चालेल!"

मुंबईहून रबरी चकत्या आल्या. गाडी दोरांनी चिंचेला टांगली, चकत्या बसल्या. लोहार म्हणाला, "आता गाडी खाली टेकवा, आत माणसं बसवा, मग बोल्ट आवळू. अधांतरी आवळलं तर वजन पडताच रबर पिळवटून फाटेल."

तात्यांनी पंचांग उघडलं. "उतरवेपर्यंत मुहूर्त टळेल! मग थेट सोमवार!"

सोमवार? छे! मीच पाना हिसकावला आणि असा आवळला, असा आवळला, की लोहार कपाळाला हात लावून घरी गेला.

बाळकुमापर्यंत रिकामी गाडी लोण्यासारखी गेली! मी मिशीला पीळ देत उतरलो. मग सासूबाई बसल्या, कुटुंब बसलं, बाळ, पाळणा, डिंकाच्या लाडवांचा डबा... पहिलाच खड्डा आला आणि फट्! फट्! फट्! फट्! चारी चकत्या गेल्या. गाडी पूर्वीपेक्षा दुप्पट खडखडली, बाळानं टाहो फोडला आणि सासूबाई त्याला घेऊन तरातरा परत आपल्या घराकडे निघाल्या.

तेवढ्यात आईपुढे कधी तोंड न उघडणारं आमचं कुटुंब म्हणालं, "आई, बैलगाडी जुंपायला सांग. मी आज घरी जाणार म्हणजे जाणार!"

बैलगाडीत पेंढा पसरला. बाळ दोन मिनिटांत झोपलं. मी आनंदानं माझी गाडी शेजारी आणली, तशा सासूबाई ओरडल्या, "लांब! आवाज येणार नाही इतकं लांब!"

नौपाड्यात मायलेकरांना ओवाळून झालं, पेढे वाटून झाले, आळी पांगली. आणि मग मागून खडखडत बाळाचे वडील आले. कुटुंबानं दारातच ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, आत्ताच डोळा लागलाय त्याचा. तो उठेपर्यंत जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन या ना... आणि चालत जा!"