बॅटरीच्या दोन रेघा

अकोल्यात लग्नाच्या रुखवतात कुर्बान पिंजाऱ्याने भरलेली गादी असली, की बायका ती मुद्दाम हाताने दाबून बघत. चाळीस वर्षं त्याने कापूस पिंजला. नाकातोंडात रुई जायची, तो खाकरायचा आणि हसायचा. साठीला टेकला तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत चालवेना. फुप्फुसं गेलीत, आता घरी ऑक्सिजन लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

अमरावतीला दिलेल्या लेकीने, अफिफाने, हवेतून ऑक्सिजन काढणारं लहानसं यंत्र आणून दिलं. नळी नाकात, कुर्बानने श्वास घेतला की यंत्र एक फुंकर सोडी. आकडा दोनवरच ठेवायचा, असं दवाखान्यातल्या गीतांजली सिस्टरने त्याच्या बायकोला, शकीलाला, तीनतीनदा बजावलं होतं. भाकरी थापतानाही शकीलाचा कान त्या फुंकरीवर असे.

मे महिन्यात एका दुपारी वावधन, वादळी वारं, सुटलं. छपरावरची टिनं उडाली, कडुलिंब तारांवर आडवा झाला आणि वीज गेली. यंत्र बॅटरीवर चालू लागलं. चार रेघा होत्या. कूलर बंद, खोलीची भट्टी झाली. कुर्बान घाबरला आणि तोंडाने धापा टाकू लागला. तोंडाचा श्वास यंत्राला कळेना. ते पीं-पीं करू लागलं. शकीलाने भेदरून आकडा चारवर नेला. धाप काही कमी होईना, पण पाहता पाहता रेघा दोनच उरल्या.

तिने रुग्णवाहिकेला फोन लावला. "रस्त्यात झाडं पडलीत, तासभर लागेल," उत्तर आलं. मग सिस्टरला.

"चारवर? आधी दोनवर आणा, भाभी!" गीतांजली ओरडलीच. "जास्त दिलं तर त्रास उलट वाढेल त्यांचा. पुढं वाकवून बसवा. नाकानं घ्यायला लावा, ओठांचा चंबू करून हळू सोडायला सांगा. आणि यंत्राच्या पिशवीत गाडीत लावायची वायर असंल, ती पाहा."

वायर होती. गाडी मात्र गल्लीत एकट्या गोवर्धनची, शेजारच्या भाजीवाल्याची. महिन्यापूर्वीच शकीला त्याला भर गल्लीत बोलली होती, गाडीचा धूर आमच्या दारात सोडतोस म्हणून. तेव्हापासून बोलणं बंद. तिने फोन लावला.

"गोवर्धनभाऊ, गाडी घेऊन या. हे चालले माहे..."

फोन कटला. पुन्हा लागेना.

एकच रेघ राहिली. कुर्बानने नळी ओढून काढली. "बस कर, शकीला. थकलो मी. काहून धरून राहिली मले?"

"तुमच्यासाठी नाही धरून राहिली!" ती किंचाळली. "मले एकटीले जगता येत नाही. माह्यासाठी घ्या!"

तिने नळी परत बसवली, त्याच्यासमोर बसून स्वतःच्या ओठांचा चंबू केला. तिचं पाहून तो श्वास सोडू लागला. ती घ्यायची, तो घ्यायचा. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण चंबू तिने मोडला नाही.

गाडी दारात आली तेव्हा मागे अर्धा माल तसाच होता. गोवर्धन उतरून थेट आत आला. दोघांनी खुर्चीसकट कुर्बानला उचललं, पुढच्या सीटवर बसवलं, वायर लावली. धूर मागे जावा म्हणून त्याने गाडीचं तोंड वाऱ्याकडे फिरवलं आणि वीज येईपर्यंत, तीन तास, इंजिन बंद केलं नाही. मागे पालक सुकून गेला.

"भाऊ, तुमचा माल..." शकीला म्हणाली.

"राहू दे, भाभी. तुमी त्याहिच्याकडं पाहा."

खबर लागून संध्याकाळी अफिफा पोचली. "अब्बाले मी घेऊन जातो. माह्या घरी इन्व्हर्टर आहे." कुर्बान मान हलवून नाही म्हणत राहिला. शकीलाने त्याच्याकडे न पाहता कपडे बांधले.

अमरावतीत तो पावणेदोन महिने जगला. वीज गेली तरी यंत्र थांबत नसे. पण खिडकीतून ओळखीचा माणूस दिसत नसे, त्याने भरलेली गादी अजून कशी आहे हे सांगायला कोणी येत नसे. "मले अकोल्याले ने," तो रोज म्हणायचा. शकीला रोज म्हणायची, "उद्या."

त्याच्या जिवाच्या भीतीने तिने त्याला नेलं नाही. दफन तिथेच झालं. आता ती अकोल्यात परतली आहे, आणि आपण चुकलो का, हे विचारायला तिच्यासमोर कोणी नाही.