नोटोरियस घराणं

हसायचं तर हसा, पण आधी पुरतं ऐका. चौदा सोमवार कडक केले, आणि पंधराव्याला एका शब्दाने सगळं पाण्यात घालवलं. शब्द माझ्याच तोंडचा!

सासूबाई गेल्यावर धाकटी नणंद कुसुम माझ्याच पदरात होती. तिचं लग्न व्हावं म्हणून मी सोळा सोमवार धरले होते. त्या दिवशी कर्जतची मंडळी तिला बघायला येणार होती. मुलाचे वडील पोस्टातून निवृत्त झालेले, इंग्रजी जाणणारे. आपणही काही कमी नाही, हे दाखवायला नको का? कुसुमच्या शाळेतला मराठी-इंग्रजी कोश काढला, 'प्रसिद्ध' शोधलं. 'फेमस' तर शिळफाट्याच्या चहावाल्यानेही पाटीवर लिहिलेलं! म्हणून मी त्यातला सगळ्यात भारदस्त शब्द उचलला.

"आमची कुसुम सगळ्या खालापुरात नोटोरियस आहे हो!" मी पोहे देता देता म्हटलं.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "मुलगी?"

"एकटी मुलगीच नाही, सगळं घराणंच! मामंजी तर तालुक्यात नोटोरियस. फौजदारसुद्धा घरी यायचे."

"काय म्हंते ती?" मुलाच्या आईने विचारलं. त्यांनी कानात सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला. "बाई गं! आन् सोताच्या तोंडानं सांगते!"

"कळवतो," म्हणून मंडळी उठली. पोहे तसेच राहिले.

कुसुम आतून आली. चेहरा पांढराफटक. "वहिनी, नोटोरियस म्हणजे कुप्रसिद्ध गं!"

मी देवापुढे जाऊन बसले. महादेवा, पोरीचं नशीब माझ्या जिभेवर कशाला ठेवलंस?

पुढच्या सोमवारी पाहते तर मंडळी पुन्हा दारात!

मुलाचे वडील म्हणाले, "गावात चौकशी केली, सगळे चांगलंच बोलतात. आजवर सात मुली पाहिल्या, प्रत्येक घरी नुसती स्तुती. घरातलं वाईट सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या. म्हणून आम्हीही लपवत नाही. मुलाला डाव्या कानाने ऐकू येत नाही."

ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. पण उपासाच्या दिवशी खोटं कसं पचावं? मी हात जोडले. "अहो, मी खरं बोलले नव्हते. मला त्या शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता!"

मुलाची आई नवऱ्यावर उखडली, "आन् तुमी कानाचं सांगून बसलात!"

पुन्हा सगळं फिसकटलं, असंच वाटलं मला. तेवढ्यात आतून कुसुमचा आवाज आला, "वहिनी, म्हणजे मी उजवीकडून बोलायचं ना?"

आधी मुलाचे वडील हसले, मग त्याची आई. तिथेच सुपारी फुटली.

संसार सोन्यासारखा चाललाय त्यांचा. जावई तर देवमाणूस. उलट शब्द कधी नाही. फक्त मी बोलायला लागले, की हळूच डावा कान माझ्याकडे करतात!