माठावर टांगलेले आबा

नव्या माठाचा वास आला की मला लढाईच्या काळातलं, सांगलीच्या कॉलेजातलं दिवाळीआधीचं चित्रप्रदर्शन आठवतं. मला चित्रकला शिकू द्यायची की उसाच्या पाटावर उभं करायचं, हे ठरवायला माझे आजोबा, पेन्शनीतले सुभेदार आबा, रहिमतपूरहून येणार होते. आणि माझ्या चित्रापुढे तर कुणी थांबेना! शेवटी मी ते दारापाशी पाण्यासाठी ठेवलेल्या नव्या माठाच्या वर, उंच टांगलं. तांब्या वरून ओतून पिणारा माणूस वर बघणारच.

आबा आले, पाणी पिऊ लागले, आणि भिंतीवर स्वतःलाच बघून त्यांना जोराचा ठसका लागला.

"आवं आबा, बसा जरा."

"गप रं! मिशी लय बारीक काढलीस."

मग त्यांनी आणखी दोन तांबे सावकाश, डोळे उघडे ठेवून रिचवले. म्हाताऱ्याला केवढी तहान लागलीय, असं मला गाढवाला वाटलं. उसाचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.